वरचा कॉमा आणि मधला 'य'

परभणीतलं आमचं घर बांधून झालं. वास्तुशांतीची भाड्यानं आणलेली पातेली अजून अंगणात पालथी पडलेली होती, तेवढ्यात पुण्याहून पुतण्यानं घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. सागवानी रंगाची फळी, त्यावर काळी ॲक्रिलिकची अक्षरं, कोपऱ्यात पितळी पान. इंग्रजीत लिहिलेलं, 'द जाधव्स'. खाली मजकूर: 'काकू, तुम्ही इंग्रजीच्या मॅडम. वरचा कॉमा एसच्या आधी टाकायचा का नंतर? दुकानवाला विचारायलाय.'

मी काही लिहायच्या आत ग्रुप पेटला. दीर म्हणाले, आधीच असतो, मॅकडोनाल्डला असतो तसा. नणंदेनं तिच्या सोसायटीतल्या चार दारांचे फोटो टाकले. त्यातल्या तिघांवर कॉमा एसच्या आधी होता आणि चौथ्यावर 'साई कृपा' होतं. सासूबाई फोन वापरत नाहीत, पण त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, "घराला कॉमा कशाला लागतोय माय?"

उत्तर त्यांचंच बरोबर होतं. मी सविस्तर लिहिलं की हा वरचा कॉमा, म्हणजे ॲपॉस्ट्रॉफी, नकोच. पाटीचं म्हणणं एवढंच की इथं जाधव मंडळी राहतात. ते साधं अनेकवचन झालं, त्यात मालकी कुठंच नाही. 'जाधवांचं' असं म्हणायचं असेल तर कॉमा एसच्या नंतर येईल. एसच्या आधी टाकला तर घर एकट्या जाधवाचं होतं, आणि आपण तर घरात सात जण आहोत. पुतण्यानं अंगठा दाखवला. आठ दिवसांनी पार्सल आलं, त्यात कॉमा एसच्या आधीच होता. 'काकू, तिथं तो छान सेट होतो,' असं त्यानं नंतर कळवलं. पाटी फाटकाजवळच्या खांबाला लागली. खांबाचं तोंड पश्चिमेला.

तेवीस वर्षं मी हा कॉमा शिकवतेय. मुलांना तो कधी आला नाही हे खरं, पण त्यात मुलांचा दोष नाही. बोलताना तो ऐकूच येत नाही. एका जाधवाचं, पुष्कळ जाधव आणि पुष्कळ जाधवांचं या तिन्ही गोष्टी इंग्रजी माणसाच्या तोंडातून 'जाधव्स' अशाच बाहेर पडतात. फरक कळतो तो कागदावर, आणि तोही काजळाच्या ठिपक्याएवढ्या खुणेत. कानानं शिकणाऱ्या पोराला ती खूण शिकवायची म्हणजे आंधळ्या कोशिंबिरीतच राज्य द्यायचं.

यातला सगळ्यात अवघड भाग म्हणजे आधी क्रियापद, मग शब्दयोगी आणि मग हे अनेकवचनी 'यांचं' अशी रांग. 'वुई आर स्टेइंग विथ द जाधव्स' यात कॉमा नाही. 'वुई आर स्टेइंग ॲट द जाधव्स' यात एसच्या नंतर कॉमा आहे. मुक्काम तोच, अंथरूण-पांघरूण तेच, सकाळचा चहाही तोच. 'विथ' माणसांना धरतं, 'ॲट' जागेला धरतं. जागा धरली की इंग्रजी माणूस 'घर' हा शब्द गिळून टाकतो आणि गिळल्याची तेवढी खूण वर ठेवतो. 'टू' तर आणखी लबाड. शेजाऱ्यांना डबा दे म्हणायचं असेल तर 'टू द नेबर्स', बिनकॉमाचं. शेजाऱ्यांकडे जा म्हणायचं असेल तरी 'टू द नेबर्स', पण आता कॉमासकट. शब्द सगळे तेच. निकाल लागतो तो मागच्या क्रियापदावर: द्यायचंय का जायचंय? 'फ्रॉम' घेतलं तर खानदानच बदलतं. कॉमा असेल तर आत्ता जाधवांच्या घरून चालत आलो, नसेल तर जाधवांच्या वंशात जन्मलो असाही अर्थ निघू शकतो.

आपल्याकडे हे सगळं काम 'कडे' करतं. जाधवांकडे गेलो, जाधवांकडे मागितलं, जाधवांकडे दोन विहिरी आहेत, जाधवांकडून चूक झाली. घर, माणूस, मालकी आणि कबुली या चारही गोष्टींना एकच शब्द पुरतो. कड म्हणजे बाजू, काठ. भांडणात आपण कोणाची तरी कड घेतो आणि रडणारं लेकरू कडेवर घेतो. म्हणजे मराठी माणूस कोणाकडे गेला तर तो घरात गेला असं व्याकरण म्हणतच नाही. तो त्या माणसाच्या बाजूला जाऊन बसला, एवढंच ते म्हणतं. घर आपोआप येतं.

आणि लग्नात पाहा. 'मुलीकडच्यांनी जेवणाला उशीर केला.' या एका शब्दात मुलगी आहे, कड आहे, मालकीचा 'चा' आहे, अनेकवचन आहे आणि दोष देणारा 'नी'ही आहे. एवढ्यासाठी इंग्रजीत पाच-सहा शब्द आणि एक कॉमा लागतो. तरी त्यात वरमायेचा सूर येत नाही तो नाहीच.

माझी स्वतःची ओळख या कॉमाशी झाली ती लाल शाईतून. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून असायचं. पहिलीपासून ते आलं २००० साली. मी सातवीत होते. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही मानवतला मामांकडे जायचो. मानवत रोड स्टेशनला उतरायचं, तिथं बैलगाडी नाहीतर टमटम. मला तीन मामा. तिघं एकाच धाब्याच्या घरात राहायचे. मातीचं माळवद, भिंतीत धान्याचं बळद, दारातून आत शिरलं की उजव्या हाताला ढाळज, आणि तिथं कोणत्या ना कोणत्या मामाची पथारी. चुली तीन, पण धपाटे कोणत्या चुलीवरचे खाल्ले याचा हिशोब लेकरांना नव्हता. येसराची आमटी मात्र मधल्या मामीचीच लागायची.

सुट्टी संपल्यावर इंग्रजीच्या सरांनी दिवाळीवर दहा ओळी लिहायला सांगितल्या. मी पहिलीच ओळ लिहिली, 'आय वेंट टू माय अंकल्स.' कॉमा नव्हता, कारण तो मला माहीतच नव्हता. सरांनी वही वर धरून वर्गाला विचारलं, "अंकल्स? किती मामा आहेत गं तुला?"

मी उभी राहून खरं ते सांगितलं, "तीन."

वर्ग हसला. सरही हसले, आणि त्यांनी लाल पेननं एसच्या आधी कॉमा दिला. माझे दोन मामा तिथंच कमी झाले.

त्याच आठवड्यात मराठीच्या तासाला तोच निबंध होता, 'मी अनुभवलेली दिवाळी'. मी लिहिलं, 'आम्ही मामायकडं गेलो.' या वहीतही लाल रेघ आली. 'मामायकडं' खोडून वर सुवाच्य अक्षरात 'मामांकडे'. समासात शेरा होता, 'बोलीभाषा टाळावी.'

आता इतक्या वर्षांनी दोन्ही वह्या मनात शेजारी-शेजारी ठेवून बघते तेव्हा मजा वाटते. आमच्या परभणी-जालना-हिंगोलीच्या बोलण्यात अनेकवचनाला मधे 'य' येतो. लोकायला, पोरायचं, बायायनं, जाधवायकडं. 'माझं'चं आम्ही 'महं' करतो, 'तुझं'चं 'तुहं', पण पुष्कळांचं काही असलं की हा 'य' ठसठशीत ऐकू येतो. इंग्रजीचं अनेकवचनी 'यांचं' लिहिलं जातं पण ऐकू येत नाही. आमचं ऐकू येतं पण लिहू देत नाहीत. एकीकडे नसलेला कॉमा घालायला लाल शाई, दुसरीकडे असलेला 'य' काढायला लाल शाई. शाळेची दौत मात्र एकच होती.

आणि त्या 'मामांकडे'त तीन मामा कुठं राहिले? प्रमाण मराठीत अनुस्वार पुष्कळांनाही लागतो आणि एकाच्या आदरालाही. 'मामांकडे' म्हणजे तीन मामा का एकच आदरणीय मामा, हे तो ठिपका सांगत नाही. 'य'चं तरी काय वेगळं, असं कोणी म्हणेल. आम्हीही एकट्या मास्तरला 'मास्तरायनं सांगितलं' असंच म्हणतो, हे कबूल. पण मामाला आदर कोण देतंय! मामा हा आमच्याकडे जन्मभर 'अरे मामा'च असतो. एक मामा असला की 'मामाकडं', आणि 'मामायकडं' म्हटलं की ऐकणारा समजून जातो की मामा एकापेक्षा जास्त आहेत. सरांनी वर्गात जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर दुसऱ्या वहीत आधीच दिलेलं होतं. ते तेवढं खोडलं गेलं.

ठिपक्यांची कथा तशी मोठी आहे. सासऱ्यांच्या ट्रंकेत त्यांच्या वडिलांची काही पत्रं सापडली. त्यांचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूतून झालेलं, शेताचे जुने कागदही उर्दूतच. मराठी त्यांनी घरी, पोथीवरून शिकलेली. पत्रात 'कांहीं', 'नांव', 'पांच' असे अनुस्वारांचे नुसते सडे घातलेले. यातले कितीतरी ठिपके तेव्हाही कोणी उच्चारत नव्हतं. पुढे १९६२ साली शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. अनेकवचनाचा आणि आदराचा तेवढा ठेवला, कारण तो ऐकू येतो. मला हा व्यवहार शहाणपणाचा वाटतो. ऐकू येतं ते लिहा, येत नाही ते सोडा. फक्त मराठवाड्याचा 'य' कोणाच्या कानाला ऐकू आला नाही, एवढंच.

उर्दूवाल्या या आजेसासऱ्यांना इंग्रजीचा कॉमा कोणी शिकवला असता तर त्यांना तो चटकन कळला असता, असं मला वाटतं. उर्दूत 'मामू के यहाँ' म्हणतात. त्यातही घर नाही, नुसतं 'मामाच्या इथं'. आमच्या बाजारात दखनी बोलणारे 'मामू के कने' म्हणतात. घर हा शब्द गिळायची खोड एकट्या इंग्रजांची नाही.

इंग्रजांनी निदान गिळल्याची खूण तरी ठेवली, असं मी मुलांना वर्षानुवर्षं सांगत आले. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ते अर्धंच खरं आहे. जुन्या इंग्रजीत मालकी दाखवायला शब्दाला 'एस' हा पूर्ण प्रत्यय लागायचा, त्यात ई आणि एस अशी दोन अक्षरं. पुढे ती ई बोलण्यातून झिजली. हा वरचा कॉमा इंग्रजी छपाईत आला सोळाव्या शतकात, फ्रेंचांचं बघून, आणि तो गळलेल्या अक्षराच्या जागी बसायचा. आपल्या 'सोऽहम्'मधल्या अवग्रहासारखाच. एकवचनी मालकीत त्याखाली खरोखर एक ई पुरलेली आहे. पण अनेकवचनाच्या एसनंतर जो कॉमा देतात त्याखाली काहीच पुरलेलं नाही. तो व्याकरणवाल्यांनी आणि छापखानेवाल्यांनी ओळख पटावी म्हणून अठराव्या शतकात रूढ केला. म्हणजे आमच्या अख्ख्या वर्गानं ज्याच्यापायी अर्धा-अर्धा मार्क गमावला, ते चिन्ह शेक्सपियरच्या काळी त्याच्याच देशात पक्कं झालेलं नव्हतं.

त्यांच्या घरीही त्याची फार शिस्त आहे असं नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेत 'अर्ल्स कोर्ट'ला कॉमा आहे आणि पिकॅडिली मार्गावरच्या पुढच्याच 'बॅरन्स कोर्ट'ला नाही. अमेरिकेत नकाशावरच्या नावांचं जे सरकारी मंडळ १८९० पासून आहे, ते डोंगरा-नद्यांच्या नावातला मालकीचा कॉमा सहसा ठेवतच नाही. वॉटरस्टोन्स या पुस्तकांच्या दुकानानं २०१२ मध्ये आपल्या नावातला कॉमा काढून टाकला. या कॉमाच्या रक्षणासाठी इंग्लंडमध्ये २००१ साली एका निवृत्त पत्रकारानं संस्था काढली होती, ती २०१९ मध्ये त्यानंच हात टेकून बंद केली. हे वाचलं त्या दिवशी मी सातवी 'ब'च्या वह्या जरा सैल हातानं तपासल्या. शिक्षक दिनाच्या फलकावरही दर ५ सप्टेंबरला कॉमा जागा बदलतो. एका वर्षी तो दोन्हीकडे होता, आणि मी काही बोलले नाही.

'ॲट माय पेरेंट्स' शिकवताना मात्र मी दरवर्षी अडते. कॉमासकट याचा अर्थ आई-वडिलांच्या घरी. पण बाईमाणसाच्या तोंडी त्याचं मराठी 'आई-वडिलांच्या घरी' होतच नाही. ते होतं माहेरी. 'ॲट माय इन-लॉज' म्हणजे सासरी. आजी-आजोबांच्या घरी म्हणजे आजोळी. माणसं पुष्कळ, मालकी त्यांची, क्रिया जाण्या-राहण्याची, आणि आपल्याकडे शब्द एकच, वर छोटीशी ई. माहेर हे मातृगृहाचं झिजून झालेलं. इंग्रजीनं घर गिळून वर कॉमा ठेवला, आपण घर इतकं चावलं की 'हेर' उरलं. सासरातही श्वशुराचं घर असंच विरघळून गेलेलं आहे. गंमत म्हणजे माहेर आईचं, आणि सासर सासऱ्याचं. सासूचं घर कुठल्याच शब्दात नाही. हे मी एकदा सासूबाईंना सांगितलं. त्या ज्वारी पाखडत होत्या. म्हणाल्या, "शब्दाचं काय घिऊन बसलीस, किल्ल्या महयापाशीच हायेत."

आणि सासरी जे करायचं असतं त्या 'नांदणे'ला इंग्रजीत क्रियापदच नाही. 'लिव्ह ॲट' म्हणा, 'स्टे विथ' म्हणा, नांदणं त्यात बसत नाही. मी जाधवांकडे चोवीस वर्षं नांदतेय, आणि त्या पाटीवरच्या अनेकवचनात मीही धरलेली आहे. ते मला आवडतं का नाही, हे अजून मी ठरवलेलं नाही.

मधली सहा वर्षं माझी नेमणूक गंगाखेडच्या डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेत होती. गंगाखेड हे जनाबाईचं गाव. लहानपणीच ती पंढरपूरला नामदेवांच्या वडिलांकडे, दामाशेटींकडे राहायला गेली आणि आपल्या अभंगांत स्वतःला 'नामयाची जनी' म्हणवत राहिली. कोणाकडे तरी राहणं आणि कोणाची तरी असणं, दोन्ही तिच्या ओळखीत आलं. मी हे आठवीला इंग्रजीच्या तासाला सांगितलं होतं, आणि त्यावर माझ्या एका सहकाऱ्यानं तास मराठीचा होता का असं विचारलं होतं.

त्या पट्ट्यातून दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत म्हणजे मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम कारखान्याच्या फडावर. या धंद्यात नवरा-बायको मिळून एक 'कोयता' होतो. दोन माणसं, चार हात, आणि नाम मात्र एकवचनी. मुकादमाच्या वहीत 'कोयते बारा' असं लिहिलेलं असतं, म्हणजे चोवीस माणसं. एकटा पुरुष गेला तर तो 'अर्धा कोयता'. इंग्रजी व्याकरणात एवढं निर्दय एकवचन मला अजून सापडलेलं नाही.

टोळ्या गेल्या की वर्ग विरळ व्हायचा. काही लेकरं आई-बापाबरोबर जायची, काही हंगामी वसतिगृहात राहायची, काही म्हाताऱ्यांपाशी. एका डिसेंबरात मी सातवीला 'माय होम'वर पाच वाक्यं लिहायला दिली. पुस्तकातला नमुना होता, मी माझ्या आई-वडिलांबरोबर राहतो, आमच्या घराला चार खोल्या आहेत वगैरे. एका मुलीनं नमुना सोडून स्वतःचं लिहिलं होतं. 'माय पेरेंट्स गो टू शुगरकेन. आय लिव्ह ॲट माय ग्रँडपेरेंट्स.' कॉमा नव्हता. हाताच्या सवयीनं मी एसनंतर लाल कॉमा दिला आणि अर्धा मार्क कापला.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती वही घेऊन टेबलापाशी आली.

"मॅडम, ह्यो कॉमा कह्याचा?"

मी सांगितलं, इथं पुढं 'घर' असा शब्द आहे, पण तो लिहीत नाहीत. तो आहे हे कळावं म्हणून कॉमा.

तिनं थोडा विचार केला. "मंग माय-बापायच्या पुढंबी लावायचा का? ॲट माय पेरेंट्स म्हणलं तर?"

"हो, लावायचा."

"पर त्यायचं घर नसतंय तिथं. कोपी असतीय."

कोपी म्हणजे फडाजवळ उभारतात ती पाचटाची झोपडी. वाकून आत जायचं, आणि हंगाम संपला की मोडून टाकायची. मला पटकन उत्तर सुचलं नाही. व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात तो प्रश्न दिलेला नाही. घर या शब्दाच्या आत कोपी धरायची का नाही, हे चिन्ह विचारत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "कोपी असली तरी लावायचा."

तिनं टेबलावर वाकून खाली एक नवं वाक्य लिहिलं. माझ्या कुंकवाच्या टिकलीएवढा मोठा कॉमा एसनंतर दिला आणि पळाली. तो अर्धा मार्क मी परत दिला. तिचं 'त्यायचं'ही मला त्या दिवशी कानात स्वच्छ ऐकू आलं, पण ते काही लिहिलेलं नव्हतं म्हणून खोडायचा प्रश्नच आला नाही.

मुलं इंग्रजीत जे चुकतात त्यात बऱ्याचदा मराठी बरोबर असतं, हे मला तिथं कळलं. आपण पाहुण्यांची वाट पाहतो. म्हणजे पाहुणे वेगळे, वाट त्यांची, आणि आपण पाहतो ती वाट. 'वेट फॉर द गेस्ट्स'मध्ये वाट कुठं गेली, असं एकानं मला खरोखर विचारलं होतं. दुसऱ्यानं 'अवर मदर' लिहिलं तेव्हा मी 'माय' केलं, तर तो म्हणाला, आम्ही चौघं भावंडं हाव की. 'माझं घर' असं आमच्याकडे एकटा राहणारा माणूसही म्हणत नाही. तोही 'आमच्या घरी या' असंच म्हणतो. अनेकवचनी मालकी आम्हाला शिकवायला नको, कॉमा तेवढा शिकवावा लागतो.

मानवतचं ते मामांचं घर आता नाही. थोरला मामा गेला, मधला लेकाकडे संभाजीनगरला आणि धाकट्यानं स्टेशनकडच्या रस्त्याला स्लॅबचं घर बांधलं. माळवद एका पावसाळ्यात खचलं आणि त्या जागेवर आता शेजाऱ्यांची सोयाबीनची पोती असतात. मागच्या वर्षी मी तिकडून जात होते. रिक्षावाल्यानं विचारलं, "कोणाकडं जायचंय ताई?" तोंडातून निघून गेलं, "मामायकडं." मग त्याला स्टेशनरोडचा पत्ता सांगावा लागला.

पाटीचं सांगायचं राहिलं. यंदाच्या मे महिन्यात परभणी अशी तापली की पत्र्यावर पापड भाजावेत. पश्चिमेच्या उन्हात खांबाला हात लावता येत नव्हता. एका सकाळी सासूबाई फाटकापाशी झाडताना थांबल्या आणि वाकून काहीतरी उचललं. आधी त्यांना ते कारळ वाटलं. मग तळहातावर घेऊन आत आल्या. "हे तुमचं काय पडलंय बघ बाई."

तो कॉमा होता. मागचा गोंद उन्हानं सुटलेला. बाहेर जाऊन पाटी बघितली, तर अक्षरं सगळी जागच्या जागी, वरचा तेवढा गळालेला. पाटी आता बरोबर झाली होती.

पुतण्याला फोटो पाठवला. तो म्हणाला, फेव्हिक्विकनं चिकटवून टाका. मी हो म्हटलं आणि कॉमा देवघरातल्या वातींच्या डबीत ठेवून दिला. चार दिवसांनी त्यानंच पाठवलेलं कसलं तरी पार्सल घेऊन कुरिअरचा पोरगा आला. खांबाला टेकून त्यानं घाम पुसला, पाटी त्याच्या डोक्यावर वीतभर अंतरावर, आणि फाटकातून हाक मारली, "ओऽ आजी, जाधवायचं घर हेच का?"

इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या, "दिसंना का तुला? वर लिव्हलंय की."